तात्यांच्या ओट्यापासून किती पावलं

उंबरटाकळीच्या शाळेत सोमवारी सकाळी परिपत्रक आलं आणि त्यानुसार सातवीच्या विद्यार्थ्यांना ठिपक्यांचा आलेख शुक्रवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत समजणं बंधनकारक झालं. परिपत्रक दोन पानी होतं. पहिल्या पानावर उपक्रमाचं नाव होतं, ‘ठिपक्यातून प्रगतीकडे’. दुसऱ्या पानावर सूचना होत्या. आलेख पुस्तकातून उतरवू नये, विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष कृती करून माहिती गोळा करावी, ठिपके चाळीसपेक्षा कमी नसावेत आणि कृती करतानाच्या छायाचित्रांत विद्यार्थी आनंदी असावेत. आनंदी छायाचित्रं दोन लागणार होती, एक समोरून आणि एक बाजूने.

राधाकिशन गर्जे या शाळेत अकरा वर्षं गणित शिकवत होते. या अकरा वर्षांत त्यांना एकही पुरस्कार मिळालेला नव्हता, यावरून ते बराचसा वेळ वर्गातच असत हे चाणाक्ष वाचकाच्या लक्षात येईल. परिपत्रक वाचून आसपासच्या गावांतल्या गुरुजींनी मोबाईलमध्ये मागच्या वर्षीचे फोटो शोधायला घेतले. गर्जे सरांना मात्र मनापासून आनंद झाला. शासनाने काही शिकवायला सांगितलं की ते शिकवायचंच असतं, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती आणि ती दूर करायला कुणाला सवड मिळाली नव्हती.

त्यांनी फळ्यावर एक आडवी आणि एक उभी रेघ ओढली. एका गोष्टीचं माप आडवं मोजायचं, दुसरीचं उभं, आणि दोन्ही मापं जिथं भेटतील तिथं ठिपका द्यायचा. असे पुष्कळ ठिपके दिले आणि ते एका ओळीत यायला लागले, तर त्या दोन गोष्टींचं आपसांत काहीतरी नातं आहे. इकडंतिकडं पांगले, तर नातं नाही. एवढंच. मुलांना हे दहा मिनिटांत समजलं, पण परिपत्रकाला दहा मिनिटांत समजलेलं चालणार नव्हतं.

पहिली कृती म्हणून सरांनी मुलांची उंची आणि चपलेची लांबी घेतली. विषय निरुपद्रवी होता. उंच मुलाची चप्पल मोठी असणार, ठिपके ओळीने चढत जाणार, आणि शुक्रवारच्या आत सगळं आटोपणार. पण वर्गातल्या निम्म्या मुलांच्या पायात थोरल्या भावाची चप्पल होती आणि उरलेल्यांच्या पायात पुढची दोन वर्षं पुरेल या हिशेबाने घेतलेली. ठिपके सगळ्या कागदभर पांगले.

मंगळवारी केंद्रप्रमुख काकडे साहेब तपासणीला आले. आसपासच्या चौदा शाळांवर त्यांची देखरेख होती आणि ती ते बहुतांशी मोटारसायकलवरून न उतरता करत. या वेळी मात्र ते उतरले.

“गर्जे, हे ठिपके असे पांगलेले कावून?”

“साहेब, उंची आणि चपलेचा संबंध निघाला नाही. तोही एक निष्कर्षच आहे.”

“असंल. पन वर पाठवायचंय. वर शिस्त दिसली पाहिजे.” साहेबांनी कागद आडवा धरून पाहिला, उभा धरून पाहिला. “स्थानिक विषय घ्या. पाणी घ्या. पाणी सध्या वर लई चालू हाय.”

उंबरटाकळीला पाणी स्थानिक होतं, म्हणजे ते गावापासून फार लांब नव्हतं. पाली गावाच्या पलीकडं डोंगराला लागून गाव, उतरणीवर बिंदुसरा नदीचं धरण आणि गावाच्या वरच्या अंगाला भली मोठी टाकी. चार दिवसांतून एकदा सकाळी पंचायतीचा सटवा हातात लोखंडी चावी घेऊन निघायचा आणि एकेका गल्लीचा व्हॉल्व्ह उघडत, बंद करत जायचा. व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा याचा नियम सटवाच्या डोक्यात होता आणि सटवाचं डोकं तात्यांच्या खिशात होतं.

तात्या म्हणजे आश्रुबा तात्या. सरपंचपदी कागदोपत्री त्यांच्या पत्नी छबुबाई होत्या. राखीव जागा निघाल्यावर छबुबाईंनी गावाची धुरा सांभाळली, ती सही करण्यापुरती. बाकी सगळं तात्या आपल्या ओट्यावर बसून बघत.

बुधवारी पाण्याचा दिवस होता. एकवीस मुलांनी दोन-दोन घरं वाटून घेतली. कुणाच्या नळाला किती मिनिटं पाणी आलं, ते बेचाळीस घरांचं लिहून आणलं. टाकीपासून जितकं घर लांब तितकं पाणी कमी, असा सरांचा अंदाज होता. दुपारी ठिपके दिले, तर पुन्हा सगळा कागद विस्कटलेला. टाकीच्या पायथ्याच्या घरांना आठ मिनिटं, आणि गावाच्या मध्यावर तात्यांच्या घरी सत्तर. तात्यांची नात संस्कृती याच वर्गात होती. सत्तरचा आकडा तिने मोठ्या अभिमानाने, लाल शाईत लिहिला होता.

सर खडू हातात घेऊन टाकीपासूनची अंतरं पुन्हा तपासू लागले.

“सर,” मागच्या बाकावरून शाईस्ता म्हणाली, “टाकीपासून कावून मोजायलोत? पानी टाकीतून थोडंच येतंय.”

“मग कुठून येतं?”

“तात्याच्या ओट्यापासून.”

वर्ग हसला. सर हसले नाहीत. शाईस्ता खालच्या गल्लीतली. बाप जाकीर चौसाळ्याला फळांचा गाडा लावतो, घरात आई आणि आजी. वर्गातलं सगळ्यांत तल्लख डोकं तिचं होतं, पण गणिताचा तास पहिला असायचा आणि पाण्याच्या दिवशी ती पहिल्या तासाला कधीच नसायची. या पोरीचा पहिला तास बुडू नये, एवढीच त्या वर्षी सरांची महत्त्वाकांक्षा होती. इतकी लहान महत्त्वाकांक्षा सरकारी नोकरीत सहसा धोकादायक ठरत नाही.

गुरुवारी अंतरं नव्याने मोजली. प्रत्येकाचं पाऊल वेगळं, म्हणून सरांनी ठरवलं की सगळं गाव एकाच मुलीने चालायचं. शाईस्ता तात्यांच्या ओट्यापासून बेचाळीस घरांपर्यंत चालली आणि पावलं मोजत परत आली. दुपारी ठिपके दिले. एक इथं, दुसरा त्याच्या खाली, तिसरा आणखी खाली. प्रार्थनेलासुद्धा मुलं इतकी सरळ उभी राहत नाहीत. तीन पावलांवर सत्तर मिनिटं, तीनशेवर तीस, पावणेपाचशेवर आठ. सरांच्या अंगावर काटा आला. अकरा वर्षांत प्रथमच गणित पुस्तकातून उठून गावात चालताना त्यांनी पाहिलं होतं, आणि ते त्यांना फार आवडलं. मग हळूहळू ते काय बोलतंय हे लक्षात आलं, आणि त्यांनी वर्गाचं दार लोटून घेतलं.

सदतीस ठिपके रेषेवर होते. पाच मात्र रेषेच्या बरेच वर, एका घोळक्यात. ती खालची गल्ली. तात्यांच्या ओट्यापासून पाचशे पावलं. रेषेप्रमाणे तिथं चार मिनिटं पाणी यायला हवं होतं, पण येत होतं एकोणीस मिनिटं.

“हे कसं काय?” सरांनी विचारलं.

“दादी बसती,” शाईस्ता म्हणाली.

तिची दादी मदिनाबी. खालच्या गल्लीचा व्हॉल्व्ह ज्या हौदात होता, त्याच्या झाकणावर ती सटवाने चावी फिरवली रे फिरवली की येऊन बसायची. दात घासायची, पान लावायची, सटवाच्या तीन पिढ्यांची विचारपूस करायची. ती उठल्याशिवाय व्हॉल्व्ह बंद करता येत नसे, आणि गुडघे दुखत असल्यामुळे ती एकोणीस मिनिटांच्या आत उठत नसे. तेवढ्या वेळात शाईस्ता आणि तिची आई जमेल तितकं भरून घ्यायच्या. पुरत नव्हतं, पण भागत होतं.

सरांनी तिथल्या तिथं, वर्गातच ठरवलं. कुणाचं नाव घ्यायचं नाही, आरोप करायचा नाही, नुसता आलेख वर पाठवायचा. वर शिकलेली माणसं बसलेली असतात. ती ठिपके बघतील, विचार करतील आणि खालच्या गल्लीला पाणी सोडायला लावतील. त्यांनी सुवाच्य अक्षरात शीर्षक लिहिलं, ‘एका ठरावीक ठिकाणापासूनचे अंतर व पाणीपुरवठ्याचा कालावधी’.

शुक्रवारी चार वाजता काकडे साहेब आले.

“आता कसं,” ते खूश झाले. “ठिपके कसे रांगेत. पन गर्जे, ही रेषा उतरायलीय की.”

“अंतर वाढतं तसं पाणी कमी होतं, साहेब. उतरणारच.”

“उतरता आलेख वर पाठवत न्हाईत. उपक्रमाचं नाव काय हाय? प्रगतीकडे. अन् तुमी खाली चाललात.” साहेबांनी थोडा विचार केला. “अंतर शब्दच वाईट हाय. जवळीक लिवा. पाचशेतून अंतर वजा करा, राहील ती जवळीक. मग चढंल का न्हाई रेषा?”

चढली. जवळीक वाढत गेली तसं पाणीही वाढत गेलं, आणि खालच्या गल्लीची जवळीक बरोबर शून्य आली. गणिताच्या दृष्टीने यात काहीच चूक नव्हती. सरांनी दोनदा पडताळून पाहिलं.

पावणेपाचला दोघं सगळं उपक्रमाच्या ॲपवर भरायला बसले. फोटो चढले. शेवटचा रकाना होता, ‘रेषेबाहेरील ठिपक्यांवर केलेली कार्यवाही’. त्यात दोनच पर्याय होते, ‘कार्यवाही पूर्ण’ आणि ‘कार्यवाही सुरू’.

“साहेब, रेषेबाहेरच्या ठिपक्यांवर कार्यवाही करायची नसते. त्यांचं कारण शोधायचं असतं. खरं शिक्षण त्यातच आहे.”

“तसा पर्याय हाय का?”

“नाही.”

“मग? रकाना मोकळा सोडला तर पुढं जात न्हाई ते. पाच मिन्टं राहिलीत. सुरू दाबा, सुरू म्हणल्यानं काय होतंय? या देशात समदंच सुरू हाय.”

सरांनी ‘सुरू’ दाबलं. पडद्यावर हिरवी खूण उमटली आणि अभिनंदनाचा संदेश आला.

बाराव्या दिवशी पत्र आलं. उंबरटाकळीचा आलेख अत्यंत स्पष्ट असून जिल्ह्याच्या प्रदर्शनासाठी निवडला गेला आहे, असं पहिल्या परिच्छेदात होतं. दुसऱ्यात होतं की, रेषेबाहेरील पाच ठिपक्यांवर कार्यवाही सुरू असल्याचं आपण कळवलं आहे, तरी ती पूर्ण झाल्याचा अहवाल प्रदर्शनापूर्वी सादर करावा. प्रत माहितीसाठी व आवश्यक कार्यवाहीसाठी ग्रामपंचायतीकडे.

सर पत्र घेऊन काकडे साहेबांकडं धावले.

“साहेब, पाच ठिपके रेषेवर आणायचे म्हणजे त्या गल्लीचं पाणी तोडायचं. त्यापेक्षा सगळ्यांनाच सारखं देऊ. प्रत्येकाला तीस मिनिटं.”

“मग आलेख कसा दिसंल?”

“सपाट.”

“सपाट म्हंजे काय?”

“म्हणजे जवळ असण्याचा आणि पाण्याचा संबंध उरला नाही.”

“संबंधच न्हाई उरला तर प्रदर्शनात काय लावायचं?” काकडे साहेबांना राग आला नव्हता, ते समजावून सांगत होते. “गर्जे, सदतीस ठिपके हलवायचे का पाच? गणिताचे शिक्षक तुमी, मी सांगायचं का?”

संध्याकाळी तात्यांचा निरोप आला. सर ओट्यावर गेले तेव्हा तात्यांच्या मांडीवर आलेख पसरलेला होता. आता आपली बदली होणार की आधी थोबाड रंगणार, एवढाच प्रश्न सरांच्या मनात होता.

“बसा मास्तर. समजून सांगा. हे वरचं टोक कोण?”

“तुमचं घर, तात्या.”

“अन् जो जो माझ्याजवळ, त्याला त्याला पानी.”

“आकडे तसं म्हणतात.”

तात्यांनी रेषेवरून वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं. मग त्यांचे डोळे भरून आले.

“वीस वर्षं लोक बोलायलेत, तात्या दुजाभाव करतो, तात्या दुजाभाव करतो. आज गणितात निघालं का न्हाई? दुजाभाव असता तर ठिपके हिकडंतिकडं गेले असते. हे बघा, कसं सरळ. न्यायाला न्याय.” त्यांनी आत हाक मारली, “संस्कृती, मास्तरला च्या आन गं. दुधाचा.”

पुढच्या सोमवारी ग्रामसभेत ठराव झाला. यापुढे गावातला पाणीपुरवठा शासनमान्य आलेखाप्रमाणेच करण्यात येईल. सूचक खुद्द सरपंच छबुबाई होत्या, म्हणजे त्यांनी सही केली. आजवर सटवा माणसाचं तोंड बघून पाणी सोडायचा. आता त्याच्या गळ्यात प्लास्टिकच्या आवरणातला आलेख आला आणि मनगटावर घड्याळ. सटवाला ते फार पसंत पडलं. आधी लोक त्याला शिव्या द्यायचे तेव्हा त्याला वाईट वाटायचं, आता तो आलेख दाखवून म्हणायचा, “माझ्या हातात काय न्हाई बे, गणित हाय.”

खालच्या गल्लीच्या हौदावरचं झाकण बदललं. नवं झाकण मध्ये उंच आणि चारी बाजूंनी उतरतं केलं होतं. त्यावर बसता येत नव्हतं. चार मिनिटं झाली की सटवा चावी फिरवायचा आणि मदिनाबी बाजूला उभी राहून बघायची. पाचही ठिपके रेषेवर आले. ‘कार्यवाही पूर्ण’.

गावाने आलेख ज्या वेगाने आत्मसात केला, तो पाहून शिक्षणतज्ज्ञांनाही आश्चर्य वाटलं असतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आडवी बाजू, उभी बाजू समजली. लोकांनी नळ परसातून काढून पुढच्या भिंतीला आणले, कारण त्यात सात पावलं वाचत होती. एका घरात दोघा भावांत वाटणी अडली, कारण तात्यांच्या बाजूची खोली दोघांनाही हवी होती. अंतर गल्लीच्या वळणांनी मोजायचं की कावळा उडतो तसं सरळ, यावर दोन सभा झाल्या. तात्यांच्या ओट्यावर सकाळपासून बसायला गर्दी व्हायला लागली. शरीर जवळ आणलं म्हणजे जवळीक धरतात का, असा लेखी अर्ज एकाने दिला आणि तो विचाराधीन ठेवण्यात आला.

कुणाला जवळीक सुधारायची असेल, तर ती सुधारली की नाही याची फेरमोजणी हवी होती. ही जबाबदारी ‘जवळीक पडताळणी समन्वयक’ या नात्याने गर्जे सरांकडं सोपवण्यात आली. अतिरिक्त कार्यभार, शाळेच्या वेळेत. आणि मूळ मोजणी शाईस्ताच्या पावलांनी झालेली असल्यामुळे, एकसूत्रता राखण्यासाठी फेरमोजणीही तिच्याच पावलांनी करावी, असं ठरावात स्पष्ट लिहिलं होतं. गावात ‘प्रमाणित पाऊल’ एकच होतं आणि ते शाईस्ताचं होतं. प्रमाणित पाऊल वाढू नये म्हणून पोरीला पुढचं वर्षभर नव्या चपला घेऊ नयेत, अशी तोंडी सूचनाही जाकीरला मिळाली.

म्हणजे आता शाईस्ता सकाळी धरणाकडच्या विहिरीवरून दोन खेपा पाणी आणायची, कारण चार मिनिटांत घागर दीड घागर भरायची. पहिला तास त्यात जायचा. दुसऱ्या तासाला ती शाळेत यायची आणि लगेच सर आणि ती मोजणीला निघायचे. उरलेला वर्ग हजेरीपटावर शिकत होता. पहिल्यापहिल्यांदा सरांना याची लाज वाटली. नंतरही वाटली, पण दुपारी.

एकदा खालच्या गल्लीत फेरमोजणी निघाली. मदिनाबी दारात घागरी पालथ्या घालून बसली होती.

“या मास्तर. मोजायला आलात? मोजा. पाचशेच भरंल, कमी न्हाई व्हायचं.”

सरांनी मोजणीची वही पाठीमागं धरली.

“पोरीला शिकवलं, लई चांगलं केलं,” मदिनाबी म्हणाली. “पन मला सांगा, मी खामखा त्या झाकणावर बसत व्हते का? माझं बूड काय झिजायला आलतं? पंधरा मिन्टं जादा मिळायची. तेवढीबी दिसली तुमाला. अन् तात्याचे सत्तर दिसले न्हाईत?”

“दिसले, दादी. कागदावर आहेत.”

“कागदावर हायत. मग ते कावून जादा, आमचे कावून कमी, हे कुनी इचारलं का?”

“तसा रकाना नाही,” सर म्हणाले, आणि आपल्याच तोंडून काकडे साहेब बोलताहेत हे ऐकून त्यांना मनापासून किळस आली.

त्या दिवशी त्यांनी निश्चय केला. सविस्तर तक्रार लिहायची. आकड्यांसकट, नावासकट, सहीसकट. फुलस्केप कागद आणले, मजकुराची जुळवाजुळव केली. पण तक्रार लिहायला निवांतपणा लागतो, आणि सरांची भाड्याची खोली तीनशे पावलांवर. तीस मिनिटांत धुणं, भांडी, दोन पिंप, चार दिवसांचं सगळं भरायचं. बायको योगिता पाण्याच्या दिवशी त्यांच्याशी बोलत नसे आणि उरलेल्या दिवशी पाण्याबद्दलच बोलत असे.

नेमकं तेव्हाच तात्यांनी त्यांना वाटेत थांबवलं.

“मास्तर, आमच्या ओसरीला लागून एक खोली मोकळी हाय. एवढं गावासाठी करायलात, तुमी तीनशेवर ऱ्हायचं, हे बरं दिसत न्हाई.”

सर दोन दिवस विचारात पडले. त्यांनी सर्व बाजूंनी विचार केला. अन्यायाचा अभ्यास जवळून केला तर तक्रार अधिक भक्कम होईल, ही एक बाजू. रोज ओट्यावरचं बोलणं कानावर पडेल, पुरावा मिळेल, ही दुसरी. योगिताने तिसरी बाजू सांगितली, ती एका शब्दाची होती. रविवारी सामान हललं. नव्या खोलीत नळाला अडुसष्ट मिनिटं पाणी आलं. पिंपं भरून वाहू लागली, योगिताने अंगण धुतलं, आणि सरांनी बऱ्याच महिन्यांनी डोक्यावरून अंघोळ केली. फुलस्केप कागद कपाटावर नीट ठेवले होते. इतक्या जवळून पाहिल्यावर त्यांना असंही जाणवलं की प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

प्रदर्शन जिल्ह्याच्या गावी, मोठ्या मंडपात भरलं. उंबरटाकळीचा आलेख मोठा करून मधोमध लावला होता. शेजारी इस्त्री केलेल्या गणवेशात, हातात छडी घेऊन शाईस्ता उभी होती. पहाटे दोन खेपा आटोपून ती आली होती. तिने न अडखळता समजावून सांगितलं, ही आडवी बाजू, ही उभी बाजू, बेचाळीस घरं, बेचाळीस ठिपके, एकही रेषेबाहेर नाही.

पाहण्यासाठी रांग लागली. अधिकारी होते, गुरुजी होते, शहरातले पालक होते. सगळ्यांनी छान छान म्हटलं. शाईस्ताने वाट पाहिली, पण तिला कुणी काही विचारलं नाही. शेवटी तीच सरांकडं वळली.

“सर, एक ठिपका चुकलाय.”

“कुठला?”

“तुमचा. तुमी अजून तीनशेवरच हायत. मी काल मोजलं. तुमचं आता बारा पावलं भरतंय.”

तिने खोडरबरने मधला ठिपका पुसला. पुसलेल्या जागी कागद थोडा काळवंडला. मग वरच्या टोकाला, तात्यांच्या ठिपक्याला जवळजवळ चिकटून, नवा ठिपका दिला आणि पट्टी लावून बघितली.

“बरोबर रेषेवर बसला, सर,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. तिला ते गणित म्हणूनच सांगायचं होतं, आणि सरांना तेवढं सोसलं नाही. ते मंडपाच्या मागं जाऊन उभे राहिले.

काकडे साहेबांनी टाळ्या वाजवल्या. परिपत्रकात पाहुण्यांचाही कृतियुक्त सहभाग सांगितला होता, म्हणून त्यांनी आलेखाखाली एक कोरा कागद लावला, दोऱ्याने पेन्सिल बांधली आणि वर लिहिलं, ‘आपला ठिपका आपण काढा’. आपण कुणाच्या किती जवळ आहोत आणि आपल्या नळाला किती वेळ पाणी येतं, एवढंच ठरवायचं. लोकांना गंमत वाटली. प्रत्येकाने पेन्सिल घेतली, आजूबाजूला नजर टाकली आणि ठिपका काढला. कुणी आमदाराच्या पीएचा मावसभाऊ होता, कुणाची फाईल साहेबांच्या टेबलावरून एका दिवसात निघायची, कुणाच्या सोसायटीचा अध्यक्ष नगरसेवकाबरोबर फिरायला जायचा. संध्याकाळपर्यंत वरच्या उजव्या कोपऱ्यात ठिपक्यावर ठिपके पडून तिथला कागद काळा झाला. खालचा डावा कोपरा पांढरा स्वच्छ राहिला.

शाईस्ता बराच वेळ तो कागद बघत होती.

“साहेब,” तिने काकडेंना विचारलं, “समदेच तिकडं हायत, तर इकडं कोण ऱ्हातं?”

“कुणीच न्हाई,” काकडे साहेब समाधानाने म्हणाले. “हीच तर प्रगती.”

शाईस्ताने पेन्सिल घेतली आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात, शून्याला लागून, पाच ठिपके काढले. मग दप्तर उचलून एसटीकडं निघाली, कारण दुसऱ्या दिवशी पाण्याचा दिवस होता.

कागद अजून तिथंच आहे, पेन्सिलही आहे. तुम्ही इथवर हसत हसत आलात, तेव्हा तुमचा ठिपका मनातल्या मनात काढून झालाच असेल. फक्त तो त्या पाचांच्या शेजारी काढलाय, असं सांगू नका.